प्रश्न चौथा: पाणी कुठवर?

पुणे, ८ जानेवारी १९८८

सौ. मालनताईला जयूचा नमस्कार,

इतक्या दिवसांत पत्र नाही म्हणून आधीच कान पकडते. डिसेंबरात ऑफिसने मला उचलून पुण्याला आणून बसवलं. आई-बाबा बोरिवलीत आणि मी इथे एका बाईंच्या मागच्या खोलीत. बाई रोज विचारतात, "मुलीच्या जातीने इंजिनियर म्हणजे नक्की काय करायचं असतं हो?" मी रोज वेगळं उत्तर देते.

आज मात्र तुझ्याकडे काम आहे. मुलुंड पूर्वेच्या नाल्याचा अभ्यास आमच्या ऑफिसकडे आलाय. हो, तुझाच नाला, धोंडिराम चाळीच्या पाठीमागचा. पावसाचं पाणी खाडीपर्यंत न्यायचे तीन मार्ग आहेत. पहिला, नाल्याला दोन्हीकडून सिमेंटच्या भिंती आणि खाडीच्या तोंडाशी लोखंडी दरवाजा. भरतीला बंद करायचा, ओहोटीला उघडायचा. मग मागची बंद पडलेली मिठागरं मातीने भरून टाकता येतात. दुसरा, मिठागरं आणि खाडीकाठची तिवरांची झाडं आहेत तशी ठेवायची, जादा पाणी तिथे जाऊन बसेल, आणि नाला रुंद करायचा. तिसरा, दर वर्षी गाळ काढायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. यातल्या कशाने माणसांचं, झाडांचं, मासळीचं नुकसान कमी होईल हे मी लिहून द्यायचं आहे. ऑफिसातली मी एकटीच बाई. चुकले तर सगळे म्हणतील, सांगितलं नव्हतं का? हे फक्त तुला सांगते.

सोबत बासष्ट फॉर्म पाठवते, घराला एक. आमचा माणूस गेला की लोक दार लावून घेतात. तू बालवाडीची बाई, तुला कोण नाही म्हणणार? प्रश्न सोपे आहेत. घरात माणसं किती, पाणी कुठून भरता, संडास कुठे. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: चौऱ्याऐंशीच्या पुरात घरात पाणी कुठवर आलं होतं? साहेबांना उत्तर फूट-इंचात हवं होतं, मी भांडून बदललं. माणसाला पाणी अंगावर आठवतं. म्हणून घोटा, गुडघा, कंबर, छाती आणि त्याहून वर, असे पाच चौकोन आहेत. फुली मारायची आणि सही किंवा अंगठा घ्यायचा.

मी तेव्हा सांगलीला हॉस्टेलात होते. तू लिहिलं होतंस, थोडं पाणी आलं, काळजी नको. तरी प्रत्येकाला नीट विचार, कारण जिथे पाणी फार येतं ती घरं दुसरीकडे हलवावी लागतील.

आत्याला नमस्कार, नीलाला पापा.

तुझी जयू

मुलुंड, ७ फेब्रुवारी १९८८

चि. जयू,

तुला आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. चार महिन्यांनी पत्र, आणि त्यातही काम! तुझ्या घरमालकिणीला सांग, इंजिनियर म्हणजे जी स्वतः पुण्यात बसते आणि ताईला चाळभर फिरवते.

बासष्टच्या बासष्ट फॉर्म भरून रजिस्टर पोस्टाने पाठवलेत. पहिल्या दिवशी तुमचा माणूस येऊन दारांवर गेरूने नंबर घालून गेला, तेव्हा चाळीत नुसती पळापळ झाली. टोकाच्या घरातले धाकूबाबा तर नंबर पुसायलाच निघाले. एकटा जीव आहे, नाल्यातल्या निवट्या आणि चिंबोऱ्या पकडून विकतात. म्हणाले, "गाईच्या पाठीवर नंबर घालतात ती बाजाराला जाते. आम्ही कुठे जायचं?" मी समजूत घातली. माझी मामेबहीणच आहे म्हटलं तेव्हा कुठे लोक बोलायला लागले. शेजारची शुभा तर म्हणाली, मग काय, आपलंच राज्य.

पाण्याचं म्हणशील तर विशेष काही नाही. घोट्याएवढं. तासाभरात ओसरलं पण होतं. लोकांना उगीच वाढवून सांगायची खोड असते म्हणून मी प्रत्येक घरात स्वतः बसून फुली मारून घेतली.

बाकी ठीक. तुझे सहदेव भावोजी बरे आहेत, साकीनाक्याच्या वर्कशॉपमध्ये ओव्हरटाइम असतो. आईचे गुडघे धरलेत, मोरीपर्यंत जाताना भिंत धरते. चाळीला सगळ्यांनी मिळून चुना काढला. गणपतीत काढतो तो यंदा थंडीतच, शुभाच्या दिराचं लग्न आहे ना. कसं झकास दिसतंय, तू ये बघायला.

एक विचारू? त्या हलवण्याचं जे लिहिलं होतंस ते आमच्याबद्दल नाही ना?

मालन

पुणे, ३० एप्रिल १९८८

प्रिय मालनताई,

पेढे वाटते आहे असं समज. काल रिपोर्ट गेला! एकशे बारा पानं, त्यातला परिणामांचा भाग पूर्ण माझा. मार्तंडराव म्हणजे आमचे साहेब, ते सहसा कुणाला बरं म्हणत नाहीत. तुझे फॉर्म चाळून म्हणाले, "आकडे असे असावेत. स्वच्छ."

मी पहिला मार्ग सुचवलाय, भिंती आणि दरवाजा. तिवरांचं नुकसान होणार, ते मी स्पष्ट लिहिलंय, मासळीचंही लिहिलंय. पण तुमच्या चाळीत आजच पाणी इतकं कमी येतं, की मिठागरं भरली तरी ते गुडघ्याच्या वर जात नाही. दुसऱ्या मार्गाने नाला रुंद करायचा तर काठावरची सगळी घरं उठवावी लागली असती. आता एकालाही हात लागणार नाही. ताई, तुला काय सांगू, ते पान टाइप झालं तेव्हा मी तुझ्या स्वयंपाकघराचाच विचार करत होते. सप्टेंबरात कमिटी बसेल आणि मंजुरी देईल.

तू निश्चिंत राहा. आत्याच्या गुडघ्यांना गरम तेल लाव.

जयू

मुलुंड, २४ जून १९८८

चि. जयू,

निश्चिंत राहा म्हणालीस, राहिले. आता मला सांग, मिठागर भरायचं काम सुरू झालंय ते तुझ्याच कागदावरून का? कमिटी सप्टेंबरात बसणार म्हणाली होतीस. इथे मेपासून ट्रक येतायत. कुणाचे, कोण पाठवतं, कुणाला ठाऊक नाही. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, माती, विटा. विचारायला गेलेल्या दोघांना ड्रायव्हरने हाकललं. आमच्या मागे जिथे नुसतं पाणी आणि बगळे दिसायचे तिथे आता घराएवढा ढीग उभा आहे. धाकूबाबा म्हणतात, पंधरा दिवसांत एक निवटी दिसली नाही.

काल सकाळी तासभर पाऊस पडला. तासभरच, फार मोठा नाही. नाल्याचं पाणी पुढे जायचं सोडून मागे फिरलं आणि उंबरा ओलांडून आत आलं. भरतीची वेळही नव्हती. आई खाटेवर बसून पाय वर घेत होती आणि माझ्याकडे बघत होती. मी हसून दाखवलं. जयू, डब्याचं झाकण लावता येईना.

तुझ्या हिशोबात हे बसतं का? गुडघ्याच्या वर जाणार नाही म्हणालीस. नक्की ना?

मालन

पुणे, १ जुलै १९८८

प्रिय मालनताई,

तुझं पत्र मिळाल्यापासून जेवण गोड लागत नाही. ट्रकचं मला काहीच माहीत नव्हतं. मी मार्तंडरावांकडे गेले. ते म्हणाले, रिपोर्ट बाहेर फुटला असेल, जमिनीवर डोळा असलेले लोक थांबत नसतात, आपला त्याच्याशी संबंध नाही. आपला संबंध नाही! मिठागर भरायला हरकत नाही असं ज्या पानावर आहे त्या पानावर माझी सही आहे.

पण एक मला कळत नाही. तासाभराच्या पावसात पाणी उंबऱ्याच्या आत आलं, आणि चौऱ्याऐंशीला तीन दिवस धो धो कोसळत होतं, तेव्हा मात्र घोट्याएवढं? नाला तोच, चाळ तीच. मी पुन्हा पुन्हा मांडून पाहिलं, उत्तर जुळत नाही.

ताई, मी रागावणार नाही. देवाशपथ. खरं सांग, त्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं?

जयू

मुलुंड, ११ जुलै १९८८

जयू,

चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा कागद फाडला.

छातीला. माझ्या छातीला लागलं होतं. नीला तेव्हा तीन वर्षांची, तिला भांड्यांच्या फळीवर बसवलं होतं. आई स्टुलावर उभी होती. पाणी तिच्या कमरेला आलं तेव्हा सहदेवने तिला खांद्यावर घेतलं आणि तसाच चार तास उभा राहिला. धाकूबाबांच्या घरात त्याहून वर होतं, ते पत्र्यावर चढले म्हणून वाचले. मामाला आणि तुला खरं कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, ते घर सोडा. सोडून कुठे जायचं? संप मोडला, गिरणी गेली, बाबा गेले. परळची खोली विकून हे घर घेतलं. पुन्हा विकायला आमच्याकडे काही नाही.

जिथे पाणी फार येतं ती घरं हलवणार, हे तूच लिहिलं होतंस. मी ते पत्र बायकांना वाचून दाखवलं. त्या दुपारी सगळ्या बालवाडीत जमल्या. शुभा म्हणाली, मग सोपं आहे, पाणी आलंच नव्हतं. मी म्हटलं, अगदीच नाही म्हटलं तर कोण विश्वास ठेवेल, घोटा म्हणू. हो, घोटा मीच म्हटलं. भिंतींवर पुराची रेघ अजून दिसत होती, म्हणून चुना काढला. कुणाच्या दिराचं लग्न नव्हतं. मग घरोघर जाऊन मी फुल्या मारून घेतल्या. ज्यांना लिहिता येतं त्यांचेही हात धरून.

आम्हाला वाटलं, तुमच्या कागदाला आम्ही फसवतोय. कागद घरं राखेल आणि पाणी काय, दहा वर्षांतून एकदा येतं. त्या कागदावरून कुणी मिठागर भरेल हे कसं कळणार?

हे पत्र कुणाला दाखवू नकोस. मला तुझीही भीती वाटायला लागली आहे, हे लिहिताना लाज वाटते पण खरं आहे.

मालन

पुणे, २९ जुलै १९८८

प्रिय मालनताई,

तू एकटी खोटं बोलली नाहीस. आता माझं ऐक.

फॉर्म आले त्या दिवशीच मला संशय आला होता. बासष्ट घरं आणि बासष्ट फुल्या एकाच चौकोनात. तुमची चाळ नाल्याकडे उतरती आहे, धाकूबाबांचं घर पहिल्या घरापेक्षा दीड हात खाली आहे. पाणी सगळीकडे घोट्याला कसं लागेल? हे कॉलेजातल्या पोरीलाही कळलं असतं. मला कळलं आणि मी फाइल बंद केली. कारण खरं उत्तर बाहेर आलं असतं तर तुझं घर गेलं असतं, आणि ते उठवा असं लिहिणारी मी असते. मी तुझं घर वाचवलं असं स्वतःला सांगितलं आणि पेढे वाटले. मला माझीच किळस येते.

तुझं पत्र आल्यापासून रोज ऑफिस सुटल्यावर नवीन हिशोब मांडतेय. छाती धरून, मिठागर अर्धं भरलेलं धरून. ताई, मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळी आला तर तुमच्या घरात पाणी डोक्याच्या वर जाईल. तीन वेळा मांडलं. तिन्ही वेळा तेच आलं. दरवाजा नंतर बांधला तर याहून वाईट.

दिव्यांच्या अवसेची भरती मोठी आहे. शुक्रवार १२ ऑगस्ट ते रविवार १४, तिन्ही दिवस दुपारी बारा ते दोनच्या सुमारास. त्या वेळी पाऊस नसेल तर काही होणार नाही. असेल तर कुणीही घरात थांबू नये. आत्याला आणि नीलाला आधीच बोरिवलीला पाठव, बाबांना मी लिहिलंय. सगळ्यांना सांग, ताई. पाया पडते.

आणि दुसरं. रिपोर्ट मागे घ्या म्हणून मी मार्तंडरावांसमोर उभी राहिले. ते म्हणाले, बासष्ट सह्यांविरुद्ध तुझ्या बहिणीचं एक खाजगी पत्र? नवीन फॉर्म आण, सह्यांसकट, मग बघू. तिकडे यायला रजा मागितली तर नोकरी सोडून जा म्हणाले. खरे आकडे मिळाले तर मी कमिटीपुढे उभी राहीन. ट्रक थांबतील. पण मग नाला रुंद करायचा तो दुसरा मार्ग येईल, आणि त्यात तुमची घरं उठतील. बदली जागा द्यावी असं मी लिहीन, ती मिळेलच असं वचन देत नाही. पुन्हा खोटं बोलायचं नाही मला.

कोरे फॉर्म सोबत आहेत. काय करायचं ते तू ठरव.

जयू

मुलुंड, ९ ऑगस्ट १९८८

जयू,

पत्र तीन तारखेला मिळालं.

बायकांना पुन्हा बालवाडीत बोलावलं आणि सगळं सांगितलं. शुभा उठून उभी राहिली. म्हणाली, "फेब्रुवारीत तूच घोटा म्हणालीस, आता तूच डोक्यावर म्हणतेस. तुझ्या बहिणीला घरं रिकामी करून हवीत का गं? तुला वेगळं काही मिळणार आहे वाटतं?" मग बाकीच्या एकेक जणी बोलायला लागल्या. जयू, त्या म्हणत होत्या, चौऱ्याऐंशीला एवढं काही आलं नव्हतं. कमरेला असेल, गुडघ्याला असेल. शुभा, जी स्वतःच्या सासूला पाठुंगळीला घेऊन बाहेर पडली होती! सहा महिने घोटा घोटा म्हणून आता त्यांना तेच आठवतंय. माझंच खोटं माझ्याशी भांडत होतं. एकही फॉर्म भरला गेला नाही.

घर कुणीच सोडणार नाही. रिकामं दिसलं की तोडायला म्युनिसिपालिटीची गाडी येते, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं आहे. सहदेवही त्यातलाच. "तू आईला आणि नीलाला ने, मी हलणार नाही. माझ्या सासऱ्याची आयुष्यभराची गिरणी आहे या भिंतींत." मी रडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग नाही. आई पण म्हणते, "माका खंय नेतंस गो? पाणी इला तर इला, माजा वय झाला." तिला उचलून टॅक्सीत घालणार आहे, गुरुवारी.

त्या तिन्ही दिवशी मात्र मी इथे असणार. बायका घर सोडणार नाहीत, पण पोरांना सोडतील. सोमवारी पंधरा ऑगस्ट आहे. मी सांगितलंय, स्टेशनकडच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर झेंडावंदनाची तालीम आहे, शुक्रवार, शनिवार, रविवार, अकरा ते तीन. बालवाडीचीच नाही, चाळीतली सगळी पोरं, तान्ह्यांसकट, कारण "भारतमातेच्या मांडीवर" बसवायची आहेत. हेडमास्तरांकडून खोलीची किल्ली घेतली. आणखी एक खोटं. यावेळी तरी देवाने ते चालवून घ्यावं.

पाऊस नको पडू दे म्हण.

मालन

पुणे, १४ ऑगस्ट १९८८, रविवार

मालनताई,

काल दुपारपासून इथे रेडिओवर तेच चाललंय. पूर्व उपनगरांत पाणी, गाड्या बंद. मुलुंडचं नाव दोनदा घेतलं. बाबांना पोस्टातून फोन लावला, त्यांनी सांगितलं, आत्या आणि नीला सुखरूप आहेत, तुझा पत्ता नाही. तुला तार केली, ती पोचली का कोण जाणे. मी स्टेशनवर गेले तर गाडी कर्जतपर्यंतच. ऑफिसातला जयवंत जीप घेऊन ठाण्याकडे निघालाय, ही चिठ्ठी त्याच्याजवळ देते. तो तुला शोधेल.

मला फार भीती वाटते. तीन वेळा मांडलेला हिशोब चुकलेला असू दे, एवढंच म्हणतेय कालपासून. सहदेव भावोजी कुठे आहेत? एक ओळ लिही. नुसतं नाव लिही, म्हणजे लिहायला तू आहेस एवढं कळेल.

जयू

मुलुंड, २० ऑगस्ट १९८८

जयू,

जयवंत चिखलातून चपला हातात घेऊन आला, तेव्हा त्याच्याबरोबर नुसतं नाव पाठवलं होतं. आज बसून लिहिता येतंय.

शुक्रवार कोरडा गेला. दोन वाजता सगळ्यांनी माझ्याकडे बघून तोंडं वाकडी केली. शनिवारी सकाळी ऊन होतं. त्यामुळे पोरं पाठवायला बायका कुरकुर करत होत्या, मी दारोदार जाऊन गोळा केली. त्रेचाळीस पोरं. शेवटी धाकूबाबांकडे गेले. म्हटलं, बाबा, तालीम बघायला चला. ते जाळं सोडवत बसले होते. म्हणाले, "झेंडा सोमवारी ना? सोमवारी येतो." मी दोनदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला हवं होतं.

साडेअकराला पाऊस सुरू झाला. साडेबाराला समोरचं दुकान दिसेना. मी पोरांकडून गाणं म्हणवून घेत होते, एक संपलं की दुसरं. खिडकीतून खाली रस्त्यावर मातकट पाणी आलं, त्यावर पत्र्याचे डबे, चपला, कुणाचं तरी देवघर. मोठी पोरं खिडकीशी जायला लागली तेव्हा मी त्यांना ओरडले. आयुष्यात एवढी घाबरले नव्हते, आणि चेहरा हसरा ठेवायचा होता, कारण मी घाबरले असते तर त्रेचाळीस पोरं घाबरली असती. गळा बसला तरी गात होते.

तीननंतर आया यायला लागल्या. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेल्या, केस सुटलेले. दारात उभं राहून आपलं पोर कुठे ते शोधायच्या आणि तिथेच खाली बसायच्या. शुभा आली, दोन्ही मुलांना कवटाळलं आणि मग माझ्या पायाशी डोकं ठेवलं. मी तिला उठवलं. एकेक माणूस येत होता, मी मोजत होते, सहदेव येत नव्हता. चार वाजले, साडेचार झाले. मला वाटलं, सहदेव गेला, आणि मी इथे गाणी म्हणत होते. सव्वापाचला तो आला. पत्रा उचकटून वर चढला होता, हात सोलून निघालेत. माझ्याकडे बघून म्हणाला, "मालन, तुझ्या फळीच्या वर गेलं गं."

धाकूबाबा रविवारी ओहोटीला मिळाले, राडारोड्याच्या ढिगापाशी. बाकी सगळे आहेत.

बुधवारी चिखल उपसून झाल्यावर शुभानेच विचारलं, ते कोरे फॉर्म आहेत का? मी म्हटलं, विचार करून सांगा, हे भरले की आपण इथून उठलो, माझी बहीण जागेचं वचन देत नाही. मग शुभाने फॉर्म ओढून घेतला, चौथ्या प्रश्नातलं चौऱ्याऐंशी खोडून अठ्ठ्याऐंशी केलं आणि सगळ्यात शेवटच्या चौकोनात फुली मारली. नंतर रांग लागली. या वेळी मी कुणाचा हात धरला नाही. तुझ्या साहेबांना फूट-इंच आवडतात ना, म्हणून चौकोनाच्या शेजारी तेही लिहिलंय. सहदेवने वर्कशॉपची टेप आणली आणि प्रत्येक भिंतीवरची रेघ मोजली. पहिल्या घरात पाच फूट एक इंच, तिथून खाली वाढत गेलंय. तू म्हणालीस तसंच, उतरतं. चाळीतले काही जण गावी जायची भाषा करतायत. आम्ही कुठे जाऊ हे मला माहीत नाही, आणि त्याची भीती आत्तापासून वाटतेय. पण नीलाला पुन्हा कधी त्या फळीवर बसवणार नाही.

बासष्ट फॉर्म सोबत आहेत, कमिटीपुढे ठेव. एकसष्टांवर सह्या किंवा अंगठे आहेत. आमच्या फॉर्मवर सहदेवची सही आहे, हाताला पट्ट्या आहेत म्हणून अक्षर तसं आलंय. धाकूबाबांचा मी भरला. त्यांच्या घरात सात फूट तीन इंच. सहीची जागा मोकळी ठेवली आहे.

मालन